एकाच नावाची नोंद

जुलेखा शिकलगार आणि वर्षाराणी खोत राजारामपुरीतल्या एका मुलींच्या शाळेत एकाच जूनमध्ये नोकरीला लागल्या आणि तीस वर्षांनी एकाच मे महिन्यात निवृत्त झाल्या. जुलेखा भूगोल शिकवायची, वर्षाराणी पी.टी. घ्यायची.

जुलेखा बुटकी, गोलसर. नवऱ्याचं, अल्ताफचं, चष्म्याचं दुकान असल्यामुळं हिच्या नाकावर दर सहा महिन्यांनी नवी फ्रेम. वर्षाराणी राधानगरीकडची, उंच, काटक, लहानपणी पावसात रोज दोन कोस चालत शाळेला गेलेली. कोल्हापुरी पोरींसारखं ती साठीला आली तरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची.

दर वर्षी शाळेच्या मुलींना घेऊन दोघी पन्हाळा ते पावनखिंड चालत जायच्या. सगळ्यांत पुढं शिट्टी घेऊन वर्षाराणी, सगळ्यांत मागं औषधांची पिशवी आणि दमलेल्या मुली घेऊन जुलेखा. वाटेत कुठंही थांबलं की जुलेखा काळा दगड उचलायची आणि सांगायची, "पोरींनो, गुऱ्हाळात काकवी ओततात बघा, तसा हा दगड एकेकाळी वाहत आलाय. आपलं कोल्हापूर लाव्हावर बसलंय." मुली हसायच्या. जुलेखाला ज्वालामुखीचं वेड होतं आणि तिनं आयुष्यात एकही ज्वालामुखी पाहिला नव्हता.

पंधरा वर्षांपूर्वी अल्ताफच्या दुकानात एका लेन्स कंपनीचं कॅलेंडर आलं. त्यात ऑगस्टच्या पानावर एक डोंगर होता. माथ्यावर भलं मोठं खोलगट विवर, तळाशी थोडंसं पाणी, कडेनं ढग. खाली नाव होतं जेजू. दक्षिण कोरियाच्या खाली समुद्रात असलेलं बेट, अख्खंच्या अख्खं ज्वालामुखीतून तयार झालेलं. मधला डोंगर हाल्लासान, उंची एकोणीसशे सत्तेचाळीस मीटर.

"स्वातंत्र्याचं साल!" जुलेखा शिक्षकांच्या खोलीत ते पान घेऊनच आली. "ही उंची कुणी विसरूच शकणार नाही."

वर्षाराणीनं पान हातात धरून बघितलं. "रिटायर झालो की जायाचं," ती म्हणाली. "दोघींनी. चढलो तर दोघी, न्हायतर दोघी खाली."

तेव्हापासून ते ठरलेलंच होतं. जुलेखा जेजूबद्दल मिळेल ते वाचत गेली. तिथल्या समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या म्हाताऱ्या बायका, संत्र्यांच्या बागा, काळ्या दगडांच्या भिंती, तिथला इतिहास. वह्या भरल्या. वर्षाराणी वह्या वाचायची नाही, पण ऐकायची. शाळा सुटल्यावर उसाचा रस पीत, एस.टी.त शेजारी बसून, ती तासन्‌तास ऐकायची.

शेवटच्या काही वर्षांत जुलेखाचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. मुलींची मोहीम पुढं जायची आणि ही मागं राहायची. पाच वेळा असं झालं की जुलेखाला अर्ध्यातून परतावं लागलं, आणि पाचही वेळा वर्षाराणी तिच्याबरोबर परतली. शेवटच्या वर्षी तर पन्हाळ्याजवळच्याच म्हसाई पठारावरून. मुलींना दुसऱ्या बाईंच्या ताब्यात देऊन वर्षाराणीनं हिला धरून खाली आणलं. एकदाही तिनं बोलून दाखवलं नाही. जुलेखाला त्याचं फार वाटायचं. "सख्खी बहीण करणार नाही एवढं करते," ती अल्ताफला सांगायची.

निवृत्तीनंतरच्या ऑक्टोबरात जायचं ठरलं. कुठं उतरायचं, काय बघायचं ते जुलेखाकडं. तिकिटं आणि फोनवरची कामं वर्षाराणीकडं, कारण तिच्या मुलानं, सम्राटनं, तिला ते सगळं शिकवलं होतं. हाल्लासानच्या शिखराच्या वाटेला रोज ठरावीक माणसंच सोडतात, त्यासाठी आदल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला नावं नोंदवावी लागतात. कोरियातले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडचे साडेपाच. एक सप्टेंबरला जुलेखा पाचलाच उठून फोनजवळ बसली होती. पावणेसहाला फोन वाजला.

"झालं!" वर्षाराणी ओरडली. "दोघींचं झालं गं!"

जुलेखानं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.

डॉक्टरांनी सांगितलं, चढा, पण हळू, आणि उतरताना काठ्या वापरा. मग दर रविवारी सकाळी दोघी पायथ्याच्या बुधवार पेठेतून पन्हाळा चढायला लागल्या. पहिल्या रविवारी जुलेखाला तीनदा बसावं लागलं. पाचव्या रविवारी एकदाच. वर्षाराणी वर उभी राहून घड्याळ बघायची आणि टाळ्या वाजवायची. "शाब्बास! असंच!"

"तो नोंदणीचा क्यूआर कोडचा चौकोन मलापण पाठव की फोनवर," जुलेखा दोन-तीनदा म्हणाली.

"माझ्या फोनमध्ये हायत दोन्ही. तू हरवशील."

ते खरंच होतं. जुलेखा फोनमधलं काहीही हरवायची.

मुंबई, सिंगापूर आणि तिथून थेट जेजू. पहिले दोन दिवस इतके छान गेले की पुढं कितीतरी दिवस जुलेखाला तेच दोन दिवस जास्त छळत राहिले. विमानतळाबाहेर पडल्या पडल्या तिनं एका शेताच्या बांधावरचा काळा दगड हातात घेतला. भोकाभोकांचा, हलका. "आपल्या दगडाचा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "आपला साडेसहा कोटी वर्षांचा. हा तर काल जन्मलाय." वर्षाराणीनं तिचा दगडासकट फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दोघी सकाळी समुद्राकाठच्या सोंगसान नावाच्या सुळक्यावर चढल्या, अर्ध्या तासाची पायऱ्यांची वाट. खाली किनाऱ्यावर काळे पोहण्याचे कपडे घातलेल्या सत्तरीच्या बायका पाण्यातून वर येऊन लांब शीळ घातल्यासारखा श्वास सोडत होत्या. वर्षाराणी त्यांच्याकडं बघतच राहिली. "हे खरं जगणं," ती म्हणाली. दुपारी दोघींनी बंदरावर बसून भात आणि मासे खाल्ले, वर घरचं भडंग.

तिसऱ्या दिवशी हाल्लासान.

सकाळी सहाच्या सुमाराला बसनं दोघी सोंगपानाक नावाच्या फाटकाशी उतरल्या. थंडी होती. समोर दाट रान आणि त्यात शिरणारी वाट. तिथून शिखर साडेनऊ किलोमीटर. सात किलोमीटरवर एक निवारा आहे, तिथं दुपारी साडेबाराच्या आत पोचलं नाही तर पुढं सोडत नाहीत. जुलेखाला हे सगळं पाठ होतं.

फाटकावर वर्षाराणीनं फोन धरला. यंत्र टुणकन वाजलं. ती आत गेली. जुलेखा पुढं सरकली, तर पहारेकऱ्यानं हात आडवा केला आणि एक बोट वर केलं. एक.

"वर्षा, माझं दाखव की."

वर्षाराणीनं फोनवर इकडंतिकडं बोट फिरवलं. "अगं, दुसरं दिसंना झालंय. सिस्टीमनं खाल्लं वाटतं." तिचा चेहरा पडला होता. "आता गं? मी पण न्हाय जात मग. चल, माघारी जाऊ."

मागं माणसं खोळंबली होती. जुलेखाला वाटलं, पाच वेळा ही माझ्यासाठी परतली. आता सातासमुद्रापलीकडं येऊन सहाव्यांदा परतायला लावायचं?

"जा तू," ती म्हणाली. "एकीनं तरी बघून ये. मला येऊन सांग."

"नक्की?"

"जा म्हणते ना."

वर्षाराणीनं तिला मिठी मारली, आणि लगेच वळून चालायला लागली. झाडीत तिचं लाल जॅकेट दोन वळणं दिसलं, मग दिसेनासं झालं.

जुलेखा फाटकाबाहेरच्या बाकावर बसली. हातात दोन्ही काठ्या. काय करावं ते सुचत नव्हतं. अर्ध्या तासानं चौकीतली एक तरुण कर्मचारी तिच्यापाशी आली, तिनं फोनमध्ये काहीतरी म्हटलं आणि पडदा समोर धरला. त्यावर मोडक्या इंग्रजीत आलं होतं: तुम्हाला वर जायचं आहे का? आज जागा शिल्लक आहेत.

जुलेखाला आधी कळलंच नाही. ती मुलगी तिला आत घेऊन गेली, पासपोर्ट बघितला, दोन मिनिटांत नाव लिहिलं. तेवढंच होतं ते. जुलेखानं तिच्या फोनवर विचारलं, माझ्या मैत्रिणीनं दोघींची नावं घातली होती, एक नाव गळू शकतं का? त्या मुलीनं ते वाचलं, यंत्रावर वर्षाराणीची नोंद काढली आणि उत्तर दाखवलं. एका नोंदीत चार माणसं घालता येतात. यात एकच नाव घातलं आहे. संख्या, एक.

मग तिनं मनापासून शुभेच्छा दिल्या. मैत्रीण वर भेटेल, असंही लिहून दाखवलं.

सात वाजायला पाच मिनिटं असताना जुलेखा चालायला लागली.

पहिला तासभर ती मनाशीच वर्षाराणीची बाजू मांडत होती. फॉर्म कोरियन भाषेत असेल. पहाटेची वेळ, घाईत बोट चुकलं असेल. चूक लक्षात आल्यावर सांगायची लाज वाटली असेल. वाट सपाट होती, दगडगोट्यांची, मधूनमधून लाकडी फळ्या टाकलेली. दोन्ही बाजूंना पानं लाल व्हायला लागलेली होती. एरवी जुलेखा दर दहा पावलांवर थांबली असती. आज ती नुसती पायापुढं बघत होती. मनात 'पण दोघींचं झालं म्हणून ओरडली ती' हे आलं की ती पावलं मोजायला लागायची.

दुसऱ्या तासाला चढ सुरू झाला आणि गुडघा बोलायला लागला. तिनं पन्हाळ्याला शिकल्याप्रमाणं केलं: पन्नास पावलं, दहा श्वास, पन्नास पावलं. माणसं मागून येऊन पुढं जात होती. एका म्हातारबानं तिच्या हातात एक संत्रं ठेवलं आणि न बोलता पुढं गेला.

बाराला दहा मिनिटं कमी असताना ती निवाऱ्यापाशी पोचली. चाळीस मिनिटं हातात होती. झाडी संपली होती, वर डोंगराचा उघडा माथा दिसत होता. फळ्यांच्या ओट्यावर माणसं डबे खात होती आणि मोठाले कावळे त्यांच्याभोवती धिटाईनं फिरत होते. तिथंच कडेला, बूट काढून, वर्षाराणी बसली होती. शिखर करून ती खाली आलीसुद्धा होती.

तिनं वर बघितलं. जुलेखाला वाटलं होतं, काहीही झालं असलं तरी ही आधी आनंदानं ओरडेल. वर्षाराणी ओरडली नाही. तिच्या तोंडावरचा रंगच गेला.

"तू? कशी आलीस?"

"चौकीत नाव घातलं. जागा होत्या."

वर्षाराणी बुटाच्या नाड्या चाचपायला लागली.

"वर्षा, माझं नाव घातलंच नव्हतंस ना?"

"अगं सिस्टीम..."

"मी बघितलंय. संख्या एक होती."

एक कावळा दोघींच्या मधनं चालत गेला. वर्षाराणीनं हातातली नाडी सोडली. मग म्हणाली, "व्हय. न्हवतं घातलं."

"का?"

"तुला जमलं नसतं म्हणून."

"जमलंय की. हे बघ, बाराच्या आत."

"ते मला काय ठाऊक!" वर्षाराणीचा आवाज चढला. आजूबाजूच्यांनी वळून बघितलं. "जुले, किती वेळा परतलोय मी तुझ्यासाठी? मोज. पावनखिंडीचा शेवटचा टप्पा पाच वर्षं बघितला न्हाय मी. माझेपण पाय म्हातारे व्हायलेत. मला एकदा माझ्या चालीनं चढायचं होतं. एकदा."

"मग तसं म्हणायचं. मी जा म्हटलं असतं."

"म्हटली असतीस. तोंड पाडून."

"पाडलं असतं," जुलेखा म्हणाली. "दोन दिवस रुसले असते. मग इथं येऊन खाली बसून तुझी वाट बघितली असती." तिला बसायचं होतं, पण बसलं तर उठता येणार नाही हे माहीत होतं. "पण ते पाच रविवार, वर्षा? बुधवार पेठेतून मला चढवत होतीस. गुडघ्याला बर्फ लावून मी सोमवारी पडून असायचे. ते कशाला करायला लावलंस?"

वर्षाराणीनं मान खाली घातली. "नको म्हटलं असतं तर तुला शंका आली असती."

नाव न घालणं जुलेखानं कदाचित गिळलंही असतं. पण वर उभी राहून टाळ्या वाजवणारी वर्षाराणी तिच्या डोळ्यांसमोर आली. घड्याळ बघणारी, शाब्बास म्हणणारी. त्या प्रत्येक टाळीच्या वेळी तिला माहीत होतं.

"आणि सकाळी मला 'मी पण जात नाही' म्हणालीस. मी जा म्हणेन हे तुला ठाऊक होतं."

वर्षाराणी बूट चढवायला लागली.

जुलेखा शिखराच्या वाटेवरच्या फाटकाकडं वळली.

"आता वर कुठं? जुले, वेडी हायस का, उतरायचं कसं तुला? थांब, मी येतो बरोबर."

"नको. तू तुझ्या चालीनं जा," जुलेखा म्हणाली.

वरची सव्वादोन किलोमीटर वाट बहुतेक पायऱ्यांचीच होती. वारा इतका की टोपी धरून चालावं लागत होतं. पन्नास पावलांची तीस झाली, तिसांची पंधरा. दोनला पंधरा मिनिटं कमी असताना ती माथ्यावर पोचली. दोन वाजता सगळ्यांना खाली काढतात, म्हणजे पाव तास हातात होता.

ढग नव्हते. विवर समोर होतं, कॅलेंडरात होतं त्याहून कितीतरी मोठं. उतारावर पिवळं पडलेलं गवत, कडेला काळे तुटलेले कडे, तळाशी थोडंसं पाणी, आणि पाठीमागं चारी बाजूंनी समुद्र. जुलेखानं बघितलं आणि तिच्या तोंडून निघालं, "वर्षा, तो कडा बघ, तो..."

शेजारी एक कोरियन कुटुंब उभं होतं. त्यांतल्या बाईनं हसून मान हलवली.

पंधरा वर्षं ती हे विवर एकाच माणसाला समजावून सांगत आली होती. आता ते समोर होतं आणि तिच्याकडं सांगायला कुणी नव्हतं. अल्ताफला सांगितलं असतं तर तो 'वा' म्हणाला असता आणि गिऱ्हाइकाकडं वळला असता. ती तिथं उभी राहून रडली. त्या कुटुंबाला वाटलं, आनंदानं रडतेय. त्यांनी तिला शिखराच्या दगडाशी उभं करून फोटो काढून दिला.

उतरायला साडेचार तास लागले. शेवटचा तास दोन्ही काठ्यांवर भार टाकून ती एकेक पाऊल टाकत होती. फाटकाशी दिवे लागले होते आणि बाकावर वर्षाराणी बर्फाची पिशवी घेऊन बसली होती. जुलेखानं पिशवी घेतली, कारण गुडघा ठणकत होता. बसमध्ये दोघी शेजारीच बसल्या.

दुसऱ्या दिवशी जुलेखा एकटीच टॅक्सीनं चार-तीन शांतता उद्यानात गेली. वहीत तिनं ते ठिकाण केव्हाच लिहून ठेवलं होतं. एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या चौथ्या महिन्यातल्या तीन तारखेला या बेटावर उठाव झाला आणि सरकारी फौजांनी तो चिरडताना पुढच्या काही वर्षांत पंचवीस-तीस हजार माणसं मेली, बेटावरचं दहातलं एक माणूस. डोंगराच्या उतारावरची गावंच्या गावं जाळली. माणसं हाल्लासानच्या रानात पळाली, गुहांत लपली. मग त्यांना निरोप गेला, खाली या, माफी आहे. पुष्कळ जण पोरंबाळं घेऊन उतरले. त्यांतल्या कितीतरी जणांना धरून तुरुंगांत पाठवलं, आणि पुष्कळ जण परत आलेच नाहीत.

बाहेर हिरवळीवर बेपत्ता माणसांच्या नावांचे दगड रांगांनी उभे होते, नजर जाईल तिथवर. आत एक पांढरा दगड आडवा ठेवला होता, त्या घटनेला अजून नाव ठरलं नाही म्हणून त्यावर काहीच कोरलेलं नव्हतं. जुलेखा लंगडत रांगांमधून फिरली. कालपासून छातीवर बसलेलं आपलं दुखणं इथं बाहेर काढायची तिला लाज वाटली. पण ते गेलंही नाही. एका दगडापाशी एक वयस्क बाई रुमालानं दगड पुसत होती. जुलेखानं मान लववली, तिनंही लववली.

हॉटेलवर परतल्यावर वर्षाराणी म्हणाली, "जुले, घरात सांगू नको गं. सम्राटला तर नकोच." माफी मात्र तिनं मागितली नाही.

कोल्हापुरात आल्यावर जुलेखानं खरंच कुणाला सांगितलं नाही. अल्ताफनं फोटो बघितले. "शिखरावर तू एकटीच कशी? वर्षाताई कुठाय?" त्यानं विचारलं.

"ती आधी जाऊन आली होती."

अल्ताफनं तिच्याकडं बघितलं, पण पुढं विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका क्रांती माने या एकेकाळी दोघींच्याच विद्यार्थिनी. "बाई, दोघींनी येऊन मुलींना जेजूबद्दल सांगायचंच," त्या म्हणाल्या. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. जुलेखा गेली.

सभागृहात चारशे मुली बसल्या होत्या. आधी वर्षाराणी बोलली. तिचं बोलणं नेहमीच खणखणीत. बुड्या मारणाऱ्या बायका, संत्री, कावळे, मुली हसत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. मग पडद्यावर हाल्लासान आला.

"आता तुमच्या शिकलगार बाईंचा गुडघा कसा, तुम्हाला ठाऊकच हाय," वर्षाराणी म्हणाली. "निम्म्या वाटेत बाई बसल्या. म्हणाल्या, तू जा. मी म्हटलं, आम्ही पंधरा वर्षांपूर्वी ठरवलंय, चढलो तर दोघी. हात दिला, आणि दोघी वर गेलो!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेतल्या क्रांतीबाईंचे डोळे भरून आले होते. जुलेखा व्यासपीठावरच्या खुर्चीत बसून होती. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वर्षाराणीनं तिच्याकडं वळून हात पुढं केला, उभं राहून टाळ्या घे म्हणून.

जुलेखा उठली. तो हात न धरता माइकपाशी गेली. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"मुलींनो, एक दुरुस्ती," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखाच होता. "आम्ही दोघीही शिखरावर गेलो, पण बरोबर गेलो नाही. खोतबाई पहाटे गेल्या. मी मागून गेले, एकटी. मला कुणी हात दिला नव्हता. दोन काठ्या होत्या." "आता विवर कसं तयार होतं ते बघू. पुढचा फोटो लावा."

ती वीस मिनिटं विवराबद्दल बोलली आणि नंतर दहा मिनिटं त्या बेटाच्या इतिहासाबद्दल. मुली शांत बसून ऐकत होत्या. वर्षाराणी तिचं बोलणं संपायच्या आतच निघून गेली.

संध्याकाळी ती दुकानात आली. अल्ताफ आत काचा घासत होता, जुलेखा काउंटरवर.

"चारशे पोरींसमोर माझी शोभा केलीस," वर्षाराणी म्हणाली. "तीस वर्षांची मैत्री, आणि एवढं पोटात ठेवता आलं न्हाय तुला?"

"नाव घातलं नाहीस हे पोटातच ठेवलंय. तिथं बोलले का मी?"

"मग काय बिघडलं असतं? चांगलंच सांगत होतो की मी. तुलाच वर नेलं गोष्टीत!"

"मी माझ्या पायांनी गेले होते, वर्षा. तेवढं एकच माझ्याकडं राहिलं होतं. तेपण तू घेतलंस."

अल्ताफचं यंत्र बंद झालं होतं. वर्षाराणी वळली आणि पायऱ्या उतरून गेली.

अल्ताफ बाहेर आला, हात पुसत. त्या दिवशी जुलेखानं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकून तो एवढंच म्हणाला, "मला वाटलंच होतं, काहीतरी झालंय. तू तिचं नावच घेत नव्हतीस."

त्यानंतर चार महिने दोघी भेटल्या नाहीत. शाळेतल्या जुन्या बायका मध्ये पडायला बघत होत्या. कुणी म्हणे, जुलेखानं जरा जास्तच केलं. कुणी म्हणे, वर्षाराणीची जीभ पहिल्यापासून सैल. नोंदणीचं अल्ताफशिवाय कुणालाच माहीत नव्हतं आणि जुलेखानं ते आणखी कुणाला सांगितलं नाही. रविवार सकाळ आली की ती कपाटं आवरायची, पडदे धुवायची.

मार्चमध्ये ईद आली. शाळेत लागल्यापासूनच्या प्रत्येक ईदला सकाळी पहिली बेल वर्षाराणीची असायची. या वर्षी सकाळी भाचेसुना आल्या, शेजारी आले. दुपारी तीनला बेल वाजली तेव्हा जुलेखानं दार उघडलं, तर वर्षाराणी. वाळली होती. हातात नेहमीसारखी गजऱ्याची पुडी.

"ईद मुबारक."

"ये."

जुलेखानं शीरखुर्मा आणून दिला, बदाम जास्त घातलेला, जसा तिला लागतो तसा. वर्षाराणी वाटी हातात धरून बसली. सम्राटच्या नोकरीचं बोलणं झालं, उन्हाचं झालं. आफशीन, जुलेखाची सून, येऊन पाया पडून गेली.

"माझं चुकलं, जुले," वर्षाराणी वाटीकडं बघत म्हणाली. "तिथं डोंगरावर पण, आणि शाळेत पण."

"हं."

"रात्री झोप लागत न्हाय. टाळ्या आठवतात त्या, पन्हाळ्याच्या."

जुलेखानं मान हलवली. तिलाही त्याच आठवत होत्या.

वर्षाराणीनं वाटी संपवली. चपला घालताना ती दारात थांबली. "येत्या रविवारी बुधवार पेठेला जाऊया? हळूहळू. तुझ्या चालीनं."

जुलेखानं तिच्याकडं बघितलं. ही बाई तिला पाच वेळा डोंगरावरून धरून खाली घेऊन आली होती. तेही खोटं नव्हतं. हो म्हणणं किती सोपं होतं. पण ती रविवारी चढताना वर उभ्या असलेल्या वर्षाराणीकडं बघणार, आणि तिच्या तोंडावर आनंद दिसला की तो खरा आहे का हे शोधत बसणार, हे तिला तिथंच कळलं.

"नाही," ती म्हणाली. "ईदला येत जा. पण रविवारी नको."

वर्षाराणीनं दोनदा मान डोलावली आणि जिना उतरून गेली. जुलेखा दारात उभी राहिली, खालचं फाटक वाजेपर्यंत.

अल्ताफ आतल्या खोलीतून आला. "काय म्हणाली?"

"रविवारी चल म्हणाली."

"मग?"

"नाही म्हटलं."

अल्ताफनं रिकामी वाटी उचलली. "बरं वाटलं?"

"नाही," जुलेखा म्हणाली, आणि पुडीतला गजरा काढून पाण्यात ठेवायला आत गेली.